धुराड्यातला आकडा

नोएमीची गाडी शेतघराच्या फाटकातच चिखलात रुतली. मदतीला जो आला त्याने आधी चाक पाहिलं, मग तिचे पातळ शहरी बूट.

“लियोंहून आलात?”

“बुटांवरून ओळखलंत?”

“हॉर्नवरून. इथे हॉर्न वाजवला तर फक्त गाई वळून बघतात.”

“तुम्ही पण आलातच की…”

तो हसला नाही. पण हसू ओठांशी येऊन परत गेलं, ते नोएमीने बरोबर टिपलं.

हा मार्सियाल. फ्रान्समधल्या लिमोज शहराच्या पलीकडच्या टेकडीवरचं ते पडकं शेतघर त्याने आणि लेओनारने, म्हणजे थोरल्या भावाने, आपल्या हातांनी उभं केलं होतं. छपराच्या शेवटच्या पाट्या बसवताना लेओनारचा पाय घसरला. घर उभं राहिलं आणि भाऊ गेला. ज्या घराने माझा मुलगा खाल्ला, त्यात मी पाय ठेवणार नाही, असं आई म्हणाली, आणि ती बाई शब्दाची पक्की होती. मार्सियाल आता पाहुण्यांना खोल्या द्यायचा, स्वतः गोठ्यावरच्या माळ्यावर झोपायचा. वसंतात घर विकून मोकळं व्हायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

नोएमी इस्पितळात नर्स. त्या वर्षी तिने इतकी माणसं जाताना पाहिली होती, की आठवडाभर कुणाचीच नाडी बघायची नाही म्हणून ती इथे आली. नोव्हेंबरचा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. रोज संध्याकाळी मार्सियाल सूप घेऊन यायचा आणि तळाशी थोडं उरलं की तिथल्या रीतीने तिच्या खोलगट थाळीत लाल वाइन ओतायचा.

“थाळी तोंडाला लावा, नर्सबाई. चमच्याने काय औषध पिताय?”

“शेजारी बघतील!”

“शेजारी म्हणजे एकटी ओदेत म्हातारी. तिने बघितलं तर गावाला कळेल, बाकी काही नाही.”

वाइनचा ओघळ तिच्या हनुवटीवर आला. पुसायला त्याचा हात उठला… आणि अर्ध्यावरून खाली गेला. नोएमीला त्या अर्ध्या हाताचा फार राग आला.

“थांब म्हणालात तर मी थांबेन,” ती म्हणून गेली.

त्याने बाटलीला बूच लावलं. “जो स्वतःच निघालाय, तो दुसऱ्याला कसा थांब म्हणणार?”

निघायच्या दिवशी तो सकाळीच गुरांच्या बाजाराला गेला. जाता जाता त्याच्यासाठी काहीतरी करावं, म्हणून ती घरातल्या त्या कधीच न पेटलेल्या चुलीपाशी आली. कोपऱ्यात भांडं टांगायचा जुना लोखंडी आकडा टेकून ठेवलेला होता. तिने तो धुराड्यात अडकवला, जाळ केला आणि चेस्टनटचं सूप चढवलं.

तासाभरात ओदेत म्हातारी बाटली घेऊन दारात हजर! तिच्यामागे कुणी पाव आणला, कुणी कोंबडी.

“ये गं पोरी!” ओदेतने तिचे दोन्ही गाल चुंबले. “धूर दिसला तेव्हाच म्हटलं, मार्सियालने घरधनीण आणली एकदाची.”

नोएमीने वळून आकड्याकडे बघितलं. नव्या घराच्या मेजवानीला लियोंतही आकडा टांगणं असंच म्हणतात, पण तिथल्या फ्लॅटमध्ये खरा आकडा पाहिलाय कुणी? इथे मात्र तो घरच्या माणसानेच टांगायचा असतो. तो टांगला की घर पुरं झालं. आणि या घरात तो मान थोरल्याचा, लेओनारचा होता.

मार्सियाल परत आला आणि चूल बघून दारातच थिजला.

“मला ठाऊक नव्हतं…” नोएमी म्हणाली.

तेवढ्यात त्याच्यामागे उंबरठ्याबाहेर त्याची आई येऊन उभी राहिली. धूर बघून ती पावसातून टेकडी चढून आली होती. धापा टाकत होती, पण आवाजात थरथर नव्हती.

“कोणाच्या हातचा आहे तो?”

“माझ्या,” नोएमी म्हणाली.

आईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मार्सियाल, तो काढ. आणि हिला गाडीत बसव. नाहीतर मला एकच मुलगा होता, आणि तो छपरावरून पडला, असं समजेन.”

मार्सियाल चुलीपर्यंत गेला. त्याने हात वर केला. जाळाची धग त्याच्या तोंडावर येत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. लेओनारला पुरलं त्या दिवशीही तो रडला नव्हता, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

त्याने हात खाली घेतला.

“नाही, आई. ही नोएमी. ही इथेच राहील, आणि मीही.”

आई वळली. ओदेतने तिला हात दिला. मग एकेक करून बाकीचेही उठून दोघींच्या मागे गेले, आणि अंगणात पाऊस पडत राहिला.

“मला विचारलंस तरी?” नोएमी हळूच म्हणाली.

“आता विचारतो. राहशील?”

आईची काळी ओढणी उतारावर लहान लहान होत चालली होती. ती बाई परत येणार नाही, हे नोएमीला कळत होतं. आपला जीव या माणसावर जडलाय आणि त्याची किंमत त्याने आत्ता एकट्याने मोजली, हेही कळत होतं.

“हो,” ती म्हणाली.

त्याने तिला जवळ घेतलं. त्या दिवशी दोघांपैकी कुणालाच हसता आलं नाही.