रिकाम्या छतावरचे एकेचाळीस मासे

"आजोबाऽऽ! फळ्यावर ‘गेले’ लिहिलंय!"

भोंगा धक्क्याच्या त्या टोकाला होता आणि आजोबा या टोकाला, बाकावर. मध्ये सात होड्या, एक क्रेन आणि टोपल्या उतरवणारी पंधरावीस माणसं. तरी आजोबांना शब्द न् शब्द ऐकू आला. आजोबांनाच काय, अख्ख्या बंदराला ऐकू आला. त्या पोराचं नाव भोंगा उगीच नव्हतं पडलं!

"काहीतरीच काय!" आजोबा काठी शोधत उठले. "मी कुठे लिहिलंय?"

त्यांच्या शेजारी बसलेली मोजपट्टी केव्हाच धावत सुटली होती. ही भोंग्याची थोरली बहीण, वय वर्षं बारा. खिशात कायम मोजायची टेप, आणि डोक्यात कायम आकडे. जिन्याच्या पायऱ्या, पुलाचे खांब, भोंग्याने दिवसभरात मारलेल्या थापा, ती सगळं मोजायची. दर सुट्टीत ही भावंडं इथे आजोबांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे येत.

आजोबांनी एकतीस वर्षं दीपगृहाचा दिवा सांभाळला होता. पण त्यांना खरा अभिमान होता तो बंदर कचेरीच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्याचा. त्यावर दरसाल चारच शब्द लिहायचे, प्रत्येकापुढे तारीख. आले. अंडी. पिल्लं. गेले. हे सगळं सुरय पक्ष्यांबद्दल. डोक्यावर काळी टोपी, लाल चोच आणि कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी. बर्फ कारखान्याच्या सपाट छतावर खडी पसरलेली होती, त्या खडीतच ते अंडी घालत. पिल्लं उडायला लागली की सगळे निघत ते थेट पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाच्या समुद्रावर! आणि वर्ष फिरलं की परत ह्याच छतावर हजर!

बंदराचा नियम पक्का होता. फळ्यावर ‘गेले’ येईपर्यंत छतावर माणसाने पाऊल टाकायचं नाही. आणि ‘गेले’ लिहायचं ते फक्त आजोबांनी.

मोजपट्टी पोचली तेव्हा कचेरीच्या दारात बंदर अधिकारी बाई उभ्या होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. शेजारी छताच्या कामाचा मुकादम होता, माडासारखा उंच, डोक्यावर एक केस नाही.

"झालं एकदाचं!" मॅडम हसून म्हणाल्या. "आजोबा, बरं झालं लिहिलंत. छत गळून गळून कारखान्यातल्या यंत्रांच्या मोटारी भिजायला लागल्यात. उद्या नऊला डांबर टाकायला सुरुवात."

"पण मी लिहिलेलंच नाही!" धापा टाकत आलेले आजोबा म्हणाले. "पिल्लं आहेत अजून वर. वादळात बऱ्याच जणांची पहिली अंडी गेली. काहींनी पुन्हा घातली. ती उशिराची पिल्लं आहेत, त्यांना उडता कुठे येतंय!"

मॅडमचा आवाज मऊ झाला. "आजोबा, परवा तुम्ही चष्मा साखरेच्या डब्यात ठेवला होतात. तुम्हीच सांगितलंत. तसंच हेही लिहिलं असेल आणि विसरला असाल. वयाने होतं असं. काय हो मुकादम?"

मुकादम मूग गिळून गप्प. तो आपला आभाळाकडे बघत होता.

आजोबांनी मोजपट्टीकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "लिहिलं असेन का गं मी?"

ज्या माणसाने एकतीस वर्षांत एकदाही दिवा विझू दिला नाही, त्याने असं विचारावं? आणि वर छतावर ती पिल्लं! उद्या नऊला उकळतं डांबर!

"नाही, आजोबा," मोजपट्टी ठासून म्हणाली. "तुम्ही नाही लिहिलं. मी सिद्ध करून दाखवते."

"कसं?" भोंग्याने लगेच विचारलं.

"ते अजून ठरायचंय. तू आधी हळू बोल!"

सगळे पांगल्यावर तिने फळ्यासमोर टेप काढली. पहिले तीन शब्द जमिनीपासून एक मीटर तीस सेंटीमीटरवर. अगदी सरळ रेषेत. दीपगृहाच्या जिन्यावरून पडल्यापासून आजोबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे, आणि म्हणूनच हे शब्द इतके खाली. चौथा शब्द मात्र एक मीटर अठ्ठ्याहत्तरवर!

"भोंग्या, बघ! आजोबांना इथे लिहायचं तर स्टुलावर चढावं लागेल."

"आणि आजोबांना आपण स्टुलावर चढू दिलं तर आई रागावून सुट्टी संपायच्या आत आपल्याला घरी नेईल!" भोंगा म्हणाला.

तेवढ्यात घोरपड आली. ही त्यांची इथली मैत्रीण. भिंत, झाड, डोलकाठी, काहीही दिसलं की चढणार! हकिगत ऐकून तिने बाह्याच सरसावल्या. "त्यात काय! कारखान्याच्या पाइपावरून दोन मिनिटांत छतावर जाते, एक पिल्लू दाखवते, झालं!"

"अजिबात नाही!" मागून आजोबा गरजले. तिघंही दचकली. "माणूस दिसला की पिल्लं घाबरून धावत सुटतात. धावता धावता एखादं कठड्याच्या भोकातून खाली गेलं तर? त्यांना वाचवायला जाऊन आपणच मारायचं का?"

घोरपडीने मान खाली घातली. मोजपट्टीला मात्र आजोबांचा आवाज पुन्हा दणदणीत झालेला ऐकून बरं वाटलं.

"मग वर न जाता कसं कळणार, आजोबा?"

"मी कसा ओळखतो?" आजोबा कचेरीपुढच्या बाकावर टेकले. "सुरय स्वतःसाठी मासा धरतो तेव्हा तिथल्या तिथे गिळतो. पण मासा चोचीत आडवा धरून घरी निघाला, तर समजायचं की घरी कुणीतरी आ वासून बसलंय!"

मोजपट्टीचे डोळे चमकले. "म्हणजे मासे मोजायचे!"

घोरपडीची आई कारखान्यासमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जाळी दुरुस्त करायची. खोलीभर निळ्याहिरव्या जाळ्यांचे ढीग, कोपऱ्यात सुतळीच्या गुंडाळ्या, आणि समोर मोठी खिडकी. खिडकीतून छत दिसत नव्हतं, फक्त त्याचा कठडा दिसत होता. कठड्याला बारा छोटे खांब. मोजपट्टीने त्यांना एक ते बारा आकडे दिले आणि वही उघडली. भोंग्याने घड्याळ धरलं. घोरपड खिडकीच्या चौकटीवर चढून बसली, कारण खाली बसणं तिला जमतच नसे.

"आला!" ती ओरडली. "आडवा मासा! उतरला... चौथ्या खांबामागे!"

"चौथा, एक," मोजपट्टीने टिपलं.

"परत उडाला. चोच रिकामी!"

"आणखी एक! सातवा! अगं, हा तर दोन मासे घेऊन आलाय, हावरट!"

"हावरट कसला? बाबा आहे तो कुणाचातरी," आढ्याला टांगलेल्या जाळ्यामागून घोरपडीची आई म्हणाली. "पोरांसाठी राबतोय बिचारा."

संध्याकाळचा बरोबर एक तास. मोजपट्टीची पेन्सिल दोनदा मोडली, भोंग्याच्या पायाला मुंग्या आल्या, पण नजर कुणी हलवली नाही. शेवटी तिने बेरीज केली. एकेचाळीस मासे! आणि ते उतरले कुठे? बारापैकी फक्त नऊ खांबांमागे, फिरून फिरून त्याच नऊ जागी.

"नऊ पिल्लं," ती पुटपुटली. "निदान नऊ."

"मग चला मॅडमकडे!" भोंगा उठला आणि मुंग्या आलेल्या पायामुळे धपकन पडला.

पण कचेरीला कुलूप होतं. मॅडम दुसऱ्या गावी बैठकीला गेल्या होत्या, त्या एकदम सकाळी येणार होत्या.

सकाळी साडेआठला मुलं कचेरीजवळच्या त्या कारखान्यापाशी हजर होती. डांबराचं पिंप धुरकट वाफा सोडत होतं. मुकादम छताच्या जिन्याची किल्ली बोटावर फिरवत होता. मॅडम नुकत्याच आल्या होत्या. आजोबा काल रात्री नीट जेवलेही नव्हते. ते बाजूला काठीवर हनुवटी टेकून उभे होते.

"मुकादम काका," मोजपट्टी अगदी गोड आवाजात म्हणाली, "फळ्यावर आजची तारीख लिहून द्याल का? तुमचं अक्षर छान आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?" मुकादम खूश झाला. त्याने कचेरीच्या भिंतीपाशी येऊन खडू घेतला आणि डोळ्यांसमोर, हाताला सहज येईल तिथे, तारीख लिहून टाकली.

मोजपट्टीने टेप लावली. "एक मीटर अठ्ठ्याहत्तर."

"म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही, मॅडम. काका, छत रिकामं आहे ना नक्की?"

"शंभर टक्के!" मुकादमाने छाती फुगवली. "मी स्वतः कचेरीच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून दुर्बीण लावून बघितलं की! दुपारची वेळ, एक पाखरू नव्हतं. बघितलं, खात्री केली, मगच लि—"

तो थांबला, पण फार उशिरा.

"मगच लिहिलंत!" भोंगा ओरडला. डांबराच्या पिंपावरचं झाकणसुद्धा हललं असेल. "मगच ‘गेले’ लिहिलंत! तुम्ही लिहिलंत! आजोबांनी नाही!"

होड्यांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. मुकादमाच्या टकलावरचा घाम चमकत होता.

"मॅडम," मोजपट्टी म्हणाली, "आजोबांचा हात एक मीटर तीसच्या वर जातच नाही. बघा ना, त्यांचे तिन्ही शब्द तिथेच आहेत. हा चौथा काकांच्या उंचीचा आहे."

"अहो, आठ दिवस माणसं नुसती बसून आहेत," मुकादम चाचरत म्हणाला. "पाखरं दिसेनात, म्हटलं आजोबा लिहायचे राहिले असतील, आपणच लिहून टाकू. वर जाऊन बघणार होतो. पण गेल्या वर्षी गेलो तर ह्या पाखरांनी टाळूवर अशी चोच मारली..."

"आणि काल मी आजोबांना विसरभोळे म्हणत होते, तेव्हा तुम्ही गप्प उभे होतात?" मॅडमचा आवाज आता मुळीच मऊ नव्हता.

"पण छत रिकामंच आहे!" मुकादमाने शेवटचा जोर लावला. "मला काही दिसलं नाही!"

"दुपारी आईबाप समुद्रावर असतात आणि पिल्लं खडीच्याच रंगाची असतात," मोजपट्टीने वही उघडली. "काल एका तासात ह्या छतावर एकेचाळीस मासे गेले आणि एकही परत आला नाही. छत रिकामं असेल तर मग काका, हे मासे खाल्ले कुणी?"

टोपल्यांपाशी कुणीतरी खो खो हसलं. मॅडमनी वही घेतली, पान नीट वाचलं आणि हात पुढे केला. "किल्ली द्या. मी बघते. आजोबा, कसं बघू?"

"जिन्याचं दार बोटभर उघडा. बाहेर पाऊल नको," आजोबा म्हणाले. "आणि डोक्यावर काहीतरी घाला!"

मॅडम शिरस्त्राण घालून वर गेल्या. मागोमाग मुकादमही गेला, आणि ‘बोटभर’ हा शब्द विसरून त्याने दाराबाहेर मान काढली. लगेच पांढरं काहीतरी सूं करून खाली आलं.

"आई गं!"

खाली सगळ्यांना नेमकं कळलं की काय झालं. आजोबासुद्धा हसले.

दहा मिनिटांनी मॅडम खाली आल्या. "आधी खडीच दिसत होती," त्या हळूच म्हणाल्या. "मग एक खडा चालायला लागला. नऊ आहेत. बरोबर नऊ." त्या आजोबांपुढे उभ्या राहिल्या. "आजोबा, माझं चुकलं. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा होता. मोटारींवर ताडपत्र्या टाकू. डांबर थांबेल."

आजोबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि ते ताठ उभे राहिले. मोजपट्टीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचं तिला मुळीच वाटलं नाही. हे माझे आजोबा आहेत, असं तिला होडीहोडीवर जाऊन सांगावंसं वाटत होतं.

मुकादमाने स्वतःच ओला फडका आणून तो चौथा शब्द पुसला. टकलावर पट्टी होती, पण काम मन लावून केलं. "पोरी," तो म्हणाला, "माझ्याकडे मापं घ्यायला माणूस लागतो. मोठी झालीस की ये!"

पुढचे पंधरा दिवस तिघं रोज खिडकीत बसली. एकेचाळीसाचे तीस झाले, तिसाचे बारा. मग पिल्लं कठड्यावर दिसू लागली, पंख फडफडवून पडू लागली, आणि एके दिवशी पडता पडता उडाली! नववं फार भित्रं होतं. ते उडालं तेव्हा भोंग्याने ठोकलेली आरोळी ऐकून क्रेनवाल्याने क्रेन थांबवली.

सुट्टीचा शेवटचा दिवस. मोजपट्टी उजाडल्यापासून सूर्य बुडेपर्यंत खिडकीतून हलली नाही. वहीत तिने एकच आकडा लिहिला. शून्य.

कचेरीपाशी आजोबा वाट बघत होते. मॅडम होत्या, मुकादम होता, घोरपड आणि तिची आई होती.

"मी आयुष्यभर जहाजांना दिवा दाखवला," आजोबा समुद्राकडे बघत म्हणाले. "ह्यांना कुणाचाच दिवा लागत नाही. हाताएवढा जीव, पृथ्वी ओलांडून जातो आणि आपलं छत शोधत परत येतो. आणि ह्या वर्षीचे नऊ जण जगले ते तुम्हा तिघांमुळे! आपल्या बंदराची शान राखलीत रे पोरांनो." त्यांनी खिशातून खडू काढला आणि मोजपट्टीच्या हातात दिला. "लिही."

"मी? पण ‘गेले’ तर फक्त तुम्ही..."

"जो दिवसभर बसून शून्य मोजतो, त्याने लिहायचं. लिही."

मोजपट्टीने खडू उचलला. फळ्यावर वर भरपूर जागा होती आणि तिचा हातही पोचत होता. पण तिने टेप काढली, एक मीटर तीसवर बारीक खूण केली, आणि आजोबांच्या तीन शब्दांच्या रांगेत, अगदी सरळ, चौथा शब्द लिहिला.