कात टाकल्यावर

पेडण्यात माझा गुरांचा दवाखाना. रुग्ण म्हणजे म्हशी, कुत्री आणि मालकांपेक्षा शहाणी मांजरं. माझा माणसांवर विश्वास थोडा, जनावरांवर बराच आणि भुताखेतांवर अजिबात नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पार्सेच्या पद्मावती वैनींनी बोलावणं धाडलं तेव्हा वाटलं, म्हैस अडली असेल. त्यांचा नवरा भिकाजी जाऊन महिनाही झाला नव्हता. काजूच्या बागेत जन्म गेलेला माणूस. बोंडं तुडवताना डाव्या पायावर रस काढायचा दाबाचा दगड पडून त्याची दोन बोटं गेली होती, तरी पुढच्या हंगामात कुंडात पहिला पाय त्याचाच.

वैनींनी मला गोठ्याकडे नेलंच नाही. ओसरीवर गणपतीच्या डोक्यावर फळं टांगायची माटोळीची चौकट रिकामी लोंबत होती. सुतकामुळे त्या वर्षी घरात चवथ नव्हती. आतल्या काळोख्या खोलीत मेजावर काचेची पेटी होती, आणि पेटीत तळहाताएवढा केसाळ कोळी.

त्यांच्याकडे भाड्याने राहिलेला एक गोरा जाताना तो मागे ठेवून गेला होता. भिकाजीने त्याला लेकरासारखा वाढवला. गाव हसला, हा मात्र त्याच्यासाठी झुरळं पकडत फिरला.

"तेंचा आसा ता, दोतोरबाब," वैनी म्हणाल्या. "ह्या पण गेलां तर तेंचो ठावच उरचो नाय."

कोळ्याने नुकतीच कात टाकली होती. रिकामी कात बाजूला पडली होती, केसांसकट, जशीच्या तशी. कात टाकल्यावर हे प्राणी आतून-बाहेरून मऊ असतात. दातसुद्धा पांढरे, लोण्यासारखे. मागच्या डाव्या पायाच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं, स्वच्छ, किंचित निळसर. ते त्याचं रक्त. त्याच्या दाबावरच कोळी पाय ताठ करतो. गळती थांबली नाही, तर पाय पोटाशी दुमडून मरतो. याचे पाय दुमडायला लागले होते.

"वैनी, बारीक सुकां पीठ आसा?"

त्या घुटमळल्या. मग खाटेखालून झाकणाचा डबा काढला. तांदळाचं पीठ होतं, वस्त्रगाळ. मी कापसाने सांधा टिपला, पिठाची चिमूट हळूच दाबून धरली, वरून व्हॅसलीनचा पातळ हात दिला. गळती थांबली.

"आता ह्येका हात लावू नका. काळोखात ठेवा. पसरट ताटलीत पाणी, बाजूक ओलो कापूस. दात काळे होईसर खावक कायच दिवचां नाय. आणि उरलेलां पीठ टाकून द्या, ओल लागली त्येका."

"ता टाकूक येवचां नाय."

आमच्याकडे माणूस गेला की त्या जागी पीठ पसरतात, दिवा ठेवतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात ठसा बघायचा. चिमणीचा, गाईचा, तान्ह्या पोराचा. गेलेला कुठल्या जन्माला गेला, ते त्यावरून ओळखायचं. मग पीठ नदीत सोडायचं.

"तेंच्या पिठार कायच उठूक नाय," वैनी म्हणाल्या. "भटजी म्हणालो, मोक्ष गावलो. मोक्ष खंयचो! ते गेलेच नाय. मगे पीठ कशाक सोडू?"

"आणि तांच पीठ माका दिलात?"

"घरात दुसरां नव्हतां. तुमी मागलात."

मी चिडलो. म्हटलं, पीठ ते पीठ, गळती धरतं, एवढंच. वैनींनी मान हलवली. लहान मुलाचं बोलणं ऐकून घ्यावं तशी.

पुढच्या फेरीला कोळी आठही पायांवर ताठ उभा होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण वैनींनी पेटीच्या तळाला तेच पीठ भुरभुरलं होतं. कोळी चालला की बारीक ठिपके उठतात. तसे उठलेही होते, फक्त मागच्या डाव्या पायाचा ठसा वेगळा होता. लांबट. एका टोकाला रुंद.

मी भिंग काढलं.

टाच होती. टाचेपुढे बोटं. तीन.

"जखमेवरचां पीठ सुकलां, म्हणान तसां दिसतां," मी म्हणालो. माझा आवाज मलाच पटेना. वैनी मात्र हसल्या. भिकाजी गेल्यापासून पहिल्यांदा.

"ठाव गावलो," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी पार्सेला जायचं टाळलं. कामं होती, खरंच होती. वैनींचा निरोप आला तो दिवाळी सरल्यावर. दुपारची वेळ, आभाळ भरलेलं. बेगीन येवा, एवढाच निरोप.

ओसरीवर पेटी आणून ठेवलेली. झाकण बंद, झाकणावर दगड. आत पाठीवर उलथलेली नवी कात होती, कडेने उसवलेली. पाय मोजले. आठ. कात पोकळ होती, पण कोळी पेटीत नव्हता.

"वैनी, कोळी खंय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. तुमीच सांगललात मां, हात लावचो नाय, काळोखात ठेवचां."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. खिडक्या आतून गोणपाटाने झाकलेल्या. दाराबाहेर भाताची मोठी परात पाण्याने भरून ठेवली होती. तिच्याशेजारी ओलं लुगडं, घडी घालून.

"जेवक मागतत," वैनी कुजबुजल्या. "मियां दिवक नाय. दात अजून पांढरेच आसत."

आत काहीतरी सरकलं. जड, सावकाश. खाट करकरली.

मला पळायचं होतं.

वैनींनी डबा माझ्यापुढे धरला. तळ दिसत होता, घासून-पुसून काढलेला.

"पीठ संपलां, दोतोरबाब. तुमच्या पिशयेत काय आसात तर बघा. तेंचो डावो पाय सांध्यात गळता."

मी खाली पाहिलं. उंबरठ्यावरून परातीपर्यंत पाण्याचे थेंब पडले होते. स्वच्छ, किंचित निळसर.