गोल जिन्यातली टाळी

आमची सून घरात उलटी चालते.

तोंड दाराकडे, पाठ स्वयंपाकघराकडे आणि बडबड चालू. "आता डावीकडे वळू या, सांभाळून..." म्हणत परवा माझ्या दुधाच्या पातेल्यावर येऊन आदळली. विचारलं तर म्हणते, "आई, गाईडला पाहुण्यांकडे तोंड करून चालावं लागतं." मी म्हटलं, पाठीला डोळे फुटले की सांग.

हसा खुशाल. पण पुढचं सगळं या उलट्या चालण्यातूनच घडलं. मी फार शिकलेली नाही, रचून सांगायला मला जमत नाही. खोटं वाटलं तर वाटू द्या, माझं काही अडत नाही.

सुनेने नोकरी सोडून शहरात पायी हिंडवायची टूर काढली. नव्या धाटणीच्या इमारती दाखवायच्या, मधे खाऊ घालायचं, शेवटी पबमध्ये नेऊन बसवायचं. पाहुणे ठरले होते. आदल्या दिवशी भर दुपारी तिने रंगीत तालीम घेतली. पाहुणे कोण? माझा लेक आणि माझी लेक. फुकटचं खायला दोघं कधी मागे नसतात.

काचेची लायब्ररी झाली. तळलेले मासे झाले. बँकेच्या तिरक्या इमारतीखाली सूप झालं.

"वहिनी, इमारती कमी कर, खाणं वाढव," माझी लेक म्हणाली.

शेवटचा मुक्काम गोल जिन्याच्या सिमेंटच्या इमारतीत. वर कचेऱ्या, तळघरात पब. जिन्याच्या भिंतीवर फळ्यांच्या रेषा अजून उमटलेल्या आहेत. ज्या लाकडी साच्यात ओलं सिमेंट ओतलं, त्या फळ्यांच्या. सुनेला त्या रेषांचं भारी वेड.

पबच्या मॅनेजरची एक अट होती. पाहुण्यांना जिन्यातच गोष्ट सांगायची. एक दारुडा कामगार पिऊन इथून पडला आणि अजून घोटभर मागत फिरतो. लोक हसतात, मग हात सैल सोडून पितात. गोष्ट नाही, तर टेबल नाही.

सून जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उभी राहिली. पाठ खालच्या दाराकडे. दोघं दोन पायऱ्या वर, तिच्यासमोर.

"इथला आवाज ऐका," म्हणून तिने टाळी वाजवली.

टाळी वर गेली, फिरली, परत आली. नेहमी येते तशी.

मग तिने गोष्ट सुरू केली. "हा जिना बांधताना एक कामगार दारू पिऊन..."

टाळी वाजली.

एकच. तिच्या पाठीमागून...

तिला वाटलं, मॅनेजर चेष्टा करतोय. ती वळली नाही. तिने पुन्हा सुरू केलं. "दारू पिऊन..."

टाळी.

आता जवळून...

मागे काय आहे ते गाईडला पाहुण्यांच्या डोळ्यांवरून कळतं. तिने पाहिलं. दोघांचे डोळे तिच्या खांद्यावरून मागे खिळले होते.

खाली ग्लास धुतल्याचा आवाज येत होता. तो थांबला. रस्त्यावरच्या गाड्याही ऐकू येईनात.

आणि वास... ओल्या लाकडाचा, तेल चोपडलेल्या फळ्यांचा.

सून हट्टी. तिने स्वतः जोरात टाळी वाजवली.

तळहात झणझणले. आवाज मात्र आला नाही...

"काय दिसतंय मागे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"काही नाही."

पण बोलता बोलता तो भिंतीला चिकटला. माझी लेकही चिकटली. खांद्यावर ओझं घेऊन कुणी वर येत असेल, तर आपण अंग चोरून वाट देतो ना... तसं.

सुनेच्या खांद्याला काहीतरी खरखरीत घासून गेलं.

मग खाली पुन्हा ग्लास वाजले.

मॅनेजरने काहीच ऐकलं नव्हतं. "उद्या गोष्ट जरा रंगवून सांगा," एवढंच त्याने बजावलं.

तिघं घरी आली ती पांढरीफटक. "मला खरंच काही दिसलं नाही आई," लेक सांगत होती, "नुसतं वाटलं, बाजूला व्हावं." सुनेच्या स्वेटरच्या खांद्यावर लाकडाची ढलपी अडकली होती. ओली. त्या जिन्यात लाकूड नावालाही नाही.

मी एकच विचारलं. "टाळी एक की दोन?"

"एकच. दर वेळी."

मी खाली बसले.

आमचे हे सिमेंटसाठी फळ्या ठोकायचे. सिमेंट कालवायच्या यंत्रापुढे हाक ऐकू जात नसे, म्हणून टाळीवर काम चाले. एक टाळी म्हणजे थांबा. दोन म्हणजे सिमेंट सोडा. ते पडून गेले तो हाच जिना. टेकू सरकला होता. पण ठेकेदाराच्या माणसांनी उठवलं, पिऊन पडला. अहो, त्यांना दारूचा वास सहन होत नसे. घोट घेऊन आले असते तर मीच उंबरठा ओलांडू दिला नसता. इमारत कुठली, ते मी मुलांना कधी सांगितलं नाही. लोकांच्या तोंडी लागत बसायला मला वेळ नव्हता, पोरं वाढवायची होती.

एक मात्र मला अजून उमगत नाही. इमारत तर कधीच बांधून झाली.

मग ते फळ्या घेऊन वर कुठे चाललेत...

"आई, तो जिना सोडून देऊ," लेक म्हणाला. "टेबल गेलं तर टूरच रद्द करू."

सून ती ढलपी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

मी तिला म्हटलं, "टूर रद्द होणार नाही. त्या मॅनेजरला म्हणावं, तुझं टेबल तुला लखलाभ. शहरात काय एकच पब आहे? पण जिन्यात थांबायचं. त्या रेषांवर हात ठेवून सांगायचं, या फळ्या माझ्या सासऱ्यांनी ठोकल्या आणि ते पूर्ण शुद्धीत होते. आणि निदान तिथे तरी सरळ चाल, बाई. सासऱ्यांना पाठ दाखवत नाहीत."