वरच्या थरातला पाइन

"माझ्या जंगलात कोणीतरी पाइन घुसवलाय," शाल्मली आत येताच म्हणाली.

शिरीषचं बिस्किट चहात बुडालं. खाजगी तपास करणाऱ्या पद्माच्या क्लेटन उपनगरातल्या ऑफिसात तो मदतनीस होता. मदत मुख्यतः बिस्किटं संपवण्यात होई.

शाल्मली युनिव्हर्सिटीत जुन्या गाळातले परागकण मोजायची. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका गावात लोक पाइनचा पाचोळा सरपणासाठी झाडून नेत. त्यामुळे माती हलकी राहायची आणि पाइन टिकायचा. घरोघर गॅस आला, झाडणं थांबलं, माती कसदार झाली आणि पाइनच्या जागी रुंद पानांची झाडं आली. म्हणून गाळाच्या वरच्या, म्हणजे अलीकडच्या, थरात पाइनचे कण कमी दिसायला हवे होते.

"शुक्रवारी कमीच होता. आज पाइनच पाइन. उद्या पर्मनंट पोस्टचा इंटरव्ह्यू आहे. हा थर खोटा ठरला तर मी संपले."

"त्या थराच्या नमुन्याची बाटली वीकेंडला कुठे होती?" पद्माने विचारलं.

"शनिवारी लॅबमध्ये. रविवारी घरी, टॉकच्या तयारीसाठी."

लॅबमध्ये तिची सहकारी चित्रलेखा भेटली.

"जळते मी तिच्यावर, लपवत नाही," ती म्हणाली. "त्याच पोस्टला मीही अप्लाय केलंय. शनिवारी इथे एकटीच होते. पण मातीला ॲसिड आम्ही दोघींनी मिळून आधीच दिलं होतं. ॲसिड कणांच्या आतलं सगळं खातं, नुसतं कवच उरतं. इथे फर्स्ट इयरच्या पोरांनाही हे येतं."

ती फोन घ्यायला गेली तेव्हा शिरीषने मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"वा, पाइनचे कण पुरणपोळीसारखे गच्च भरलेत. मला तर हिचाच संशय येतो."

पद्माने स्वतःही आत बघितलं आणि हसली.

शाल्मलीच्या घरी जाताना गोल्फ कोर्सच्या पाइनांखाली रस्ता पिवळ्या परागांनी माखला होता. शिरीष शिंकून बेजार झाला. दार तिच्या नवऱ्याने, प्रणवने उघडलं. उंबऱ्यात त्याचे पळायचे बूट होते, तळापर्यंत पिवळे.

"तिचं टॉक? पाठ झालंय मला," तो म्हणाला. "खाली पाइन जास्त, वर कमी. माझ्याशी इतकं कधी बोलते ती?"

पद्माने शाल्मलीला बाहेर बोलावलं.

"टॉकमध्ये ॲसिडचा उल्लेख आहे?"

"नाही. का?"

"बाटलीतला जास्तीचा पाइन आतून भरलेला आहे. म्हणजे ॲसिडनंतर, थेट झाडावरून आलेला. चित्रलेखाने ही चूक केली नसती. कुठला थर बिघडवायचा हे ज्याला पाठ होतं, पण ॲसिड ठाऊक नव्हतं, त्याने ती केली. रविवारी, या घरात."

"मी घाबरून मोजत सुटले," शाल्मली पुटपुटली. "आत बघितलंच नाही."

ती आत गेली आणि प्रणवला थेट विचारलं. तो सोफ्यावर बसला. "पोस्ट मिळाली की दरवर्षी तिकडे जाशील. त्या गावाचं नाव काढलं तरी तुझा चेहरा उजळतो. मी बोललो की फोन बघतेस. मला त्या झाडांचा मत्सर वाटायचा, शाल्मली. झाडांचा."

 शाल्मलीने सोबत आणलेली बाटली उचलली. भरलेले कण वगळून पुन्हा मोजता येणार होतं.

"त्या गावात पाइन कोणी तोडला नाही, प्रणव. लोक झाडायला जायचे थांबले, एवढंच."

"कोण थांबलं? मी?"

"आधी मी. पण माझ्या मातीत खोटी झाडं तू लावलीस."

तिने घराची किल्ली टेबलावर ठेवली. शिरीषने एकदा तिच्याकडे बघितलं आणि निमूटपणे गाडीचं दार उघडून धरलं.