हसण्याआधीचं चित्र

दसऱ्यापासून ऋजुताला आपली ईरा धड दिसत नव्हती. पाळणा, खिडकी, दारावरचं तोरण, सगळं जागच्या जागी. हलणारी ईरा मात्र काळ्या चौकोनांत फुटून जायची.

ऋजुताची नजर लहानपणीच्या तापात गेली होती. आता चष्म्यातला कॅमेरा समोरचं दृश्य घरातल्या कॉम्प्युटरकडे पाठवी, तिथलं ग्राफिक्स कार्ड त्याचं चित्र काढी आणि ते चित्र तिच्या मेंदूतल्या तिळाएवढ्या पट्टीवर उमटे. पोटच्या पोरीचा चेहरा तिनं असाच पाहिला होता. ही दृष्टी घडवणाऱ्या डॉ. बीना सातपुत्यांचं नाव ती रोज देवापुढे घ्यायची.

त्याच आता फोनवर होत्या.

"मॅडम, वायर बदलली, हार काढला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला," ऋजुताचा नवरा मकरंद सांगत होता.

"हार? कुठला हार?"

"झेंडूचा. पंख्याच्या जाळीवर होता. दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली ना."

"कार्डाला घाम फोडलात की. आणि पूजेआधी काय केलंत?"

मकरंद घुटमळला. "सगळं अपडेट केलं. पूजेला जुनंपानं कशाला, म्हणून."

"मग बरोबर. कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तुम्ही दुभाषाच बदललात. नवा मुळापासून पुसा, जुना बसवा."

"नवा वाईट आहे का?" ऋजुतानं विचारलं.

"उलट, फार प्रामाणिक. दिसेल तेवढंच काढतो, पण तुमच्या छोट्या कार्डाची त्यात दमछाक होते. जुना हलत्या गोष्टीचा अंदाज बांधून पुढच्या क्षणाचं चित्र आधीच काढायचा. आम्ही त्याला पुढचित्र म्हणतो."

"म्हणजे ईराचं हसू..."

"ओठ जरा हलले, की तो हसू काढून मोकळा."

"पण ती खरंच हसायची," मकरंद म्हणाला. "दसऱ्यापासून मात्र हसलीच नाही. आम्हाला वाटलं, पोट दुखतंय."

"ऋजुता, या दिवसांत तू तिच्याकडे बघून हसलीस?"

काळ्या चौकोनांकडे बघून कोण हसणार?

ऋजुतानं विचारलं, "आणि जुन्यानं रडू काढलं असतं तर?"

"तर तुझा चेहरा पडला असता," सातपुते मॅडम सावकाश म्हणाल्या, "आणि ती तुझाच चेहरा बघून शिकतेय. मोठं कार्ड पाठवू का? नवा ड्रायव्हर त्यावर नीट चालेल. सगळं खरं दिसेल."

"पाठवा. ते येईपर्यंत जुना राहू दे."

मकरंदनं नवा ड्रायव्हर पुसला, जुना बसवला. चौकोन विरले आणि मांडीवर अख्खी ईरा आली, कानामागच्या तिटेसकट. ऋजुतानं एक बोट लेकीच्या गालावर ठेवलं.

ईरा हसली. बोटाखालचा गाल मात्र अजून सपाट होता.

हे पुढचित्र आहे हे ऋजुताला कळलं, आणि कळूनही तिला हसू आलं. ईरा तिच्याकडे टक लावून बघत राहिली. मग हळूच बोटाखालचा गाल वर आला, खळी पडली.

"मॅडम," ती फोनकडे वळून म्हणाली, "ते मोठं कार्ड... एवढ्यात नका पाठवू."