खाली, खिडकीजवळ

लातूरच्या एका सरकारी इस्पितळात ड्यूटी बदलताना सिस्टर एकमेकींना पेशंट नीट समजावून देत नाहीत, म्हणून शिकवायला पुण्याहून माणूस आला. मिहिर. वय पंचवीस, इथल्याच क्लासमधून बोर्डात आलेला, त्यामुळे कशाचंही उत्तर चार मुद्द्यांत द्यायची खोड. तारामती सिस्टरांचं डोकं सकाळीच फिरलं. तीस खाटा, सत्तर पेशंट, दोन सिस्टर. आणि चुकतं कुणाचं, तर सिस्टरच्या तोंडाचं!

मिहिरनं तीस रकान्यांचा, नमुन्याचे पेशंट भरलेला कागद वाटला.

"खाली गादीवर असतात ते कुठं लिहायचे?" सिस्टरांनी विचारलं.

"नियमाप्रमाणे जमिनीवर पेशंट नसतो, मॅडम."

"हाव का? मग त्या नियमाला घेऊन या वॉर्डात. जरा सरकून बस म्हणावं त्याला."

वर्गातल्या सगळ्या सिस्टर हसल्या. मिहिर ओशाळला. सरावासाठी त्यानं महानंदाला उभं केलं. तिनं पेशंट सांगायचे, तारामती सिस्टरांनी घ्यायचे. नायगावची ही पोरगी नोकरीला लागून जेमतेम महिना झालेला. तिनं कागदावरचे पेशंट घडाघडा वाचले. तिसावी खाट संपली. ती थांबली नाही.

"खाली, खिडकीजवळ. उज्ज्वला, वय सतरा. भिंतीखालून काढली. बोलते, हसते. सकाळपासून लघवी नाही."

कागदावर असं काही नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी, किल्लारीच्या भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी दोनला घरी जाताना हेच पुढच्या सिस्टरला सांगायचं तारामती सिस्टरांकडून राहिलं होतं. चिरडलेल्या अंगामुळं किडन्या बंद पडल्या आणि पोरगी संध्याकाळी गेली. नवऱ्यालाही त्यांनी हे कधी सांगितलं नाही. इतक्या पेशंटांत एखादा राहणारच, चूक माझी नाही, असं म्हणत सरकारला शिव्या घालत त्यांनी दिवस काढले होते.

"कुणी सांगितलं तुला?"

महानंदाची नजर कागदावरच होती. "डॉक्टरांना कळवलेलं नाही."

"घेतलं म्हणा, मॅडम," मिहिर म्हणाला. "तोवर जबाबदारी तिचीच."



"घेतलं," सिस्टर म्हणाल्या.

महानंदा खाली बसली आणि शेजारणीला हळूच विचारू लागली, "तीसच्या तीस बरोबर वाचले ना मी?"

तारामती सिस्टर धावतच वॉर्डात गेल्या.

खिडकीजवळ कोरी चादर अंथरलेली होती. तिच्यावर कुणी नव्हतं. शेजारी केवळाबाई आया बेडपॅन घेऊन बसली होती.

"अजून न्हाई झाली, सिस्टर," ती म्हणाली.