कार्बुरेटरवरचं नेलपेंट

"आवशीक खाव तुझ्या!"

मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर मी एका नावेच्या इंजिनाची टाकी धूत होते, आणि ही शिवी धुक्यातून सरळ माझ्या कानात आली. बनारसमध्ये शिव्यांना तोटा नाही... पण मालवणीत? मी हात पुसले आणि बघायला गेले.

कमरेएवढ्या पाण्यात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. जानेवारीची थंडी, ओठ निळे, आणि समोर एक जुनाट वॉटर स्कूटर, आजारी म्हशीसारखी एका कुशीवर कललेली.

"गंगेत उभं राहून आईवरून शिव्या देता?" मी म्हटलं. "आणि मग विचाराल, इंजिन का सुरू होत नाही."

त्याने दचकून मान वर केली. पापण्यांवरून पाणी गळत होतं... आणि डोळे असे, की मी पटकन स्कूटरकडे बघायला लागले.

"तुमी मराठी?"

"का? कपाळावर लिहिलेलं असतं?"

"नाय... इथे येऊन दोन म्हयने झाले. पयल्यांदाच कानावर पडली." दात वाजत असतानाही तो हसला.

ही मशीन खालून पाणी ओढते आणि मागून फेकते, त्यावरच पळते. मी तिच्या पोटाखाली हात घातला. झेंडूची अख्खी माळ आणि लाल चुनरीचा तुकडा आतल्या पंख्याला गुंडाळून बसला होता.

"तुमच्या समुद्रात हे नसतं," चिंधी ओढून काढत मी म्हटलं. "इथे लोक नदीला रोज नेसवतात. खालची जाळी बारीक लावा."

"मगे मिस्त्री खंय भेटात?"

"समोर उभी आहे."

आता हा इकडेतिकडे बघणार, माझ्यामागे कुणी पुरुष आहे का ते शोधणार. सगळे शोधतात. त्याने नाही शोधलं. "बरा," म्हणाला, "दुपारी आणतंय."

तिथेच माझं काहीतरी घसरलं.

त्याचं नाव निमिष. पलीकडच्या रेतीवर एका सेठने हिवाळ्यापुरते तंबू ठोकले होते, तिथे तो पर्यटकांना स्कूटरवरून फेऱ्या मारून आणायचा. मी बकुळ. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. बाबा अहिल्याबाई घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करतात, वासुदेवशास्त्री म्हणून सगळे ओळखतात. आईला मणिकर्णिकेवर पोचवलं आणि तिच्याबरोबर आमच्या घरातली मराठीही जळून गेली. उरली दोन वाक्यं. "जेवलीस?" "हो." बस. बाकी भिंती, आणि बाबांच्या खडावांचा आवाज.

पुण्याच्या नातेवाइकांना माझी मराठी हिंदाळलेली वाटते. घाटावरच्यांना माझे हात काळे वाटतात. स्थळं येतात. "मुलगी काय करते?" "इंजिनं दुरुस्त करते." अर्धा चहा ठेवून उठतात. उठू देत. चहा मी केलेला असतो, उरलेला मीच पिते.

दुपारी तो खरंच आला.

"वेग वाढवूचो आसा," म्हणाला. मध्य प्रदेशातल्या एका धरणावरचा गिऱ्हाईक ही मशीन विकत घ्यायला तयार होता. अट एकच. दोन माणसं बसवून ती पाण्यावर उठली पाहिजे, नांगरासारखी पाणी फाडत चालता कामा नये. उठली, तर मशीनबरोबर निमिषलाही तिथे कायमची नोकरी. नाही उठली, तर उन्हाळ्यात सेठ तंबू गुंडाळणार आणि हा बेकार.

म्हणजे मी काम नीट केलं की हा जाणार. हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "हेड काढ."

हेड, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, लेथवर घासून घेतलं, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण आत जास्त दाबलं जातं. आत येणाऱ्या हवेच्या झडपांच्या पात्या बदलल्या. मग आला एक्झॉस्टचा पाईप... आणि खरी गंमत तिथेच होती.

"टू-स्ट्रोकचा हाच रोग," मी त्याला दाखवत होते. "जळलेला धूर बाहेर जाताना ताजं पेट्रोलही त्याच्यामागे पळून जातं. म्हणून पाईपला असं फुगीर पोट करायचं, पुढे निमुळतं. धुराचा धक्का तिथे आपटतो, माघारी येतो, आणि निसटून चाललेल्याला परत आत ढकलतो. लांबी चुकली तर धक्का लवकर येतो, नाहीतर उशिरा. दोन्ही फुकट."

तो पाईपकडे बघतच नव्हता.

"माणसांसाठी नसता असो पाईप?"

"नसतो." मी वेल्डिंगचा चष्मा खाली ओढला. "माणूस गेला की गेला."

पहिल्या चकरेनंतर स्पार्क प्लग काढला, तर टोक पांढरं पडलेलं. पेट्रोल कमी पडत होतं. असंच पळवलं असतं तर पिस्टन जाम झाला असता.

"तू मालवणच्या हिशोबाने पेट्रोलचा स्क्रू लावलायस," मी म्हटलं. "इथली थंड हवा जड असते. तिला पेट्रोल जास्त लागतं."

"म्हणजे थंडीत भूक जास्त." त्याने कागदातली कचोरी पुढे केली. "खा. माणसाकपण लागता."

कचोरी गरम होती. त्याची बोटं गार.

मी कार्बुरेटरचा स्क्रू नीट लावला आणि खिशातून लाल नेलपेंटची बाटली काढली.

"अरे वा!" त्याचे डोळे चमकले. "कोणासाठी लावतलंस?"

"कार्बुरेटरसाठी." मी स्क्रूपासून खालच्या धातूपर्यंत एक बारीक रेघ ओढली. "स्क्रू हलला तर रेघ तुटते. लगेच कळतं."

त्याचा चेहरा उतरला. मला उगाचच आवडलं.

त्यानंतर एक विचित्र खेळ सुरू झाला. संध्याकाळी मशीन माझ्याकडून तासलेली, गुळगुळीत जायची. सकाळी तो रेतीवरून परत घेऊन यायचा. "धरत नाय, बकुळ... वेगच धरत नाय." प्लग काढावा तर काळा, ओला, काजळी धरलेला. पेट्रोल जास्त होतंय. का होतंय? धुक्याच्या अंधुक उजेडात स्क्रूवरची रेघ सलगच वाटायची, म्हणून तिकडे संशय गेलाच नाही. मी पाईप कापला, परत जोडला. परत कापला. रात्री छताकडे बघत स्वतःलाच शिव्या दिल्या. लोक बरोबरच म्हणतात, हिला काय येतं. आणि सकाळ झाली की तो यायचा, कचोरी आणायचा, दिवसभर मराठीत बोलायचा... माझी हिंदाळलेली, त्याची खारट. मला वाटायचं, नको होऊ दे दुरुस्त.

मग एके दिवशी धुकं लवकर उठलं, ऊन थेट कार्बुरेटरवर पडलं, आणि मला दिसली... तुटलेली रेघ.

"निमिष. इकडे ये. हे काय?"

"काय?"

"स्क्रू फिरलाय. मी लावला होता आणि कुणीतरी फिरवला. कोण? गंगामैया?"

तो नखाने टाकीवरचा चिखल खरवडत राहिला.

"मी," म्हणाला शेवटी.

"का?"

"धावली तर विकतले."

"मग?"

"मगे माका जावचा लागात." त्याने मान वर केली. "थंय तू नाय."

मला रडू यायला हवं होतं. राग आला.

"मी तीनदा पाईप कापला! स्वतःला गाढव म्हणत कापला! तोंड नाही तुला? आईवरून शिव्या देताना तर बरं चालतं!"

"भियालंय."

"मलाही तू जायला नकोयस!" मी ओरडले. ओरडूनच म्हटलं, हळू बोलायला मला कुणी शिकवलं नाही. "रोज तो स्क्रू माझ्याही हाताखाली होता. मलाही फिरवावासा वाटत होता. नाही फिरवला! बिघडवून थांबवलेला माणूस घेऊन मी काय करू? उन्हाळ्यात बेकार होशील, आणि मग माझ्याकडे बघून म्हणशील, हिच्यापायी गेली नोकरी."

"नाय म्हणूचंय."

"म्हणशील. सगळे म्हणतात."

घाटावरून घंटा वाजत होती. तो जवळ आला.

"मगे तू चल."

"माझं वर्कशॉप इथे आहे. ते मला कुणी आंदण दिलेलं नाही. आणि बाबा..." मी पेचकस उचलला, स्क्रू जागेवर आणला आणि नेलपेंटची बाटली त्याच्या हातात दिली. "या वेळची रेघ तू ओढ."

त्याने ओढलेली रेघ सरळ आली. मग त्याने ब्रश खाली ठेवला नाही. माझा हात धरला, ग्रीसने काळा झालेला, आणि करंगळीच्या नखावर लाल रंग लावला. सावकाश... जणू तिथलंही काही हलू नये.

चाचणीला दुसरं माणूस म्हणून मीच मागे बसले. त्याने मूठ पिळली. क्षणभर मशीन पाण्यात रुतली, आणि मग पाईपने आपलं काम केलं. ती उठली! नदी आमच्याखालून सुटली, घाट रंगांचा पट्टा झाला, आणि मी त्याच्या पाठीला गाल टेकून हसत होते, किंचाळत होते. त्याच्या जॅकेटवर माझी लाल करंगळी. आयुष्यात इतकं सुख झालं नव्हतं... आणि त्याच सुखाने तो जाणार होता.

रेतीवर उतरून प्लग काढला. टोक बिस्किटाच्या रंगाचं. अगदी हवं तसं. चाचणी बघायला आलेल्या गिऱ्हाइकाने मान डोलावली.

जायच्या दिवशी तो मुन्शी घाटावर आला. पलीकडे ट्रक उभा होता, तिथवर मशीन पाण्यातून न्यायची होती.

"मी परत येतलंय," तो म्हणाला.

"उशिरा आलास तर फुकट. घाईने नोकरी टाकून आलास तरी फुकट. बरोबर वेळेला ये."

"आणि ती वेळ कशी समजात?"

"मी पाईप कितीदा कापला, बघितलंस ना? तूही शोध."

तो हसला. तसाच... दात वाजत.

मग तो निघाला. मी पायरीवर उभी राहून नुसता आवाज ऐकत होते. स्वच्छ आवाज, एक खोकला नाही, एक अडखळणं नाही. इतकं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं, आणि कुठल्याच कामाचा इतका राग आला नव्हता. आवाज बारीक होत गेला... आणि नदी पुन्हा होड्यांची झाली.

घरी पोचले तेव्हा बाबा पाटावर बसत होते.

"जेवलीस?"

"नाही."

त्यांचा हात ताटावरच थांबला.

"बाबा, मला बोलायचंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग करंगळीकडे.

"तो मालवणचा?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळा घाट सांगतो. मी ऐकलं नाही असं दाखवतो, एवढंच." त्यांनी ताट जरा बाजूला सरकवलं. "मासे खात असेल."

"खातो."

"हं." त्यांनी दुसरा पाट ओढून समोर ठेवला. "बस. पहिल्यापासून सांग. त्या दिवशी पाण्यात उभं राहून शिवी कुठली दिली होती त्याने?"

मी सांगितली. जशीच्या तशी.

बाबांना हसता हसता ठसका लागला. मी पाणी दिलं, त्यांच्यासमोर बसले, आणि पुढचं सांगू लागले.